आतल्या खोलीतला कॉम्प्युटर

३ फेब्रुवारी

आजपासून ही वही. शाळा सुटल्यापासून दैनंदिनी लिहिली नव्हती. कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक होते, दुसऱ्यांचं सांगणं उतरवून घेता घेता स्वतःचं काही लिहायचं राहूनच गेलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता घरी बसून वकीलबाईंचं टंकलेखन करते.

वकीलबाई सकाळी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. स्वतःचा फोन आणि माझा फोन एका डब्यात घातला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आता बसा." डब्यात पीठ होतं हे त्यांना नंतर कळलं.

प्रकरण रुग्णालयाचं आहे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिथली वीज गेली आणि अतिदक्षता विभागातली नऊ माणसं दगावली. रुग्णालय म्हणतं, जनरेटर दोन मिनिटांत सुरू झाला, माणसं आजारानंच गेली. तेव्हा ड्युटीवर असलेली एक नर्स म्हणते, एक्केचाळीस मिनिटं. ती साक्ष द्यायला तयार आहे, पण सहा मार्चच्या सुनावणीपर्यंत तिचं नाव फुटता कामा नये. फुटलं तर तिची बदली कुठल्या कुठे करतील. तिचा नवरा तिथंच रुग्णवाहिकेवर कंत्राटी चालक आहे, त्याला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. मग ती कशाला उभी राहते? कागदावर ती 'साक्षीदार क्रमांक चार'. खरं नाव आणि पत्ता फक्त न्यायाधीशांना, बंद पाकिटातून.

मी म्हटलं, ठीक आहे, यात डबा कशाला?

तेव्हा त्यांनी नवा कायदा वाचून दाखवला. पाळत ठेवणाऱ्या त्या सरकारी खात्याला आता कुणाच्याही फोनमध्ये, घरच्या कॉम्प्युटरमध्ये न सांगता शिरता येतं. परवानगी मागाहून घेतली तरी चालते. आणि ज्याला हे ठाऊक आहे त्यानं त्या माणसाला सावध केलं, अगदी आडून सुचवलं, तरी पाच वर्षांची कैद. मी म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांना काय मिळणार, गुडघेदुखीचे व्यायाम? त्या हसल्या नाहीत.

जाताना म्हणाल्या, "काही टिपून ठेवायचं तर कागदावर, आणि नावं नकोत." म्हणून या वहीत कुणाचंच नाव नाही. माझंही नाही.

५ फेब्रुवारी

यांचा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. हे गेल्यापासून कुणी उघडला नव्हता. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं आतला इंटरनेटचा भाग, कॅमेरा, माइक सगळं उपटून काढलं आणि म्हणाला, "घ्या मावशी, आता हा आंधळा, बहिरा आणि मुका." तो आतल्या खोलीत ठेवला. रुग्णालयाचं काम फक्त त्यावर, आणि तेही पेनड्राइव्हवर, पासवर्ड घालून. पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये. बाहेरच्या खोलीतला मोठा कॉम्प्युटर नेहमीच्या कामाला. त्याला इंटरनेट आहे, म्हणून त्यावर या प्रकरणाचा एक शब्दही नाही.

दुपारी कामाला बसले आणि हात थिजले. लॅपटॉपवर माझी यादी नव्हती. ही यादी म्हणजे माझी संक्षिप्तं. दोन अक्षरं दाबायची की 'सत्य प्रतिज्ञेवर कथन करते की' एवढं लांबलचक आपोआप उमटतं. चौतीस वर्षांची जमवाजमव आहे ती, अकराशेच्या वर शब्द आहेत. तिच्याशिवाय मी म्हणजे कालची शिकाऊ. मोठ्या कॉम्प्युटरवरून वेगळ्या पेनड्राइव्हनं यादी आणली तेव्हा कुठे गाडी सुरू झाली.

वकीलबाईंनी संध्याकाळी येऊन तपासून घेतलं, "फायली एकीकडून दुसरीकडे जात नाहीत ना?" मी म्हटलं, एकही नाही. यादी काही फाइल नव्हे, ती माझी बोटं आहेत.

९ फेब्रुवारी

नर्स आली. पस्तिशीची असेल. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, जणू आत्ता घंटा वाजेल आणि उठावं लागेल. आतल्या खोलीत तीन तास बसलो.

ती सांगत होती, मी टाइप करत होते. यंत्रं बंद पडल्यावर ती आणि आणखी एक नर्स, दोघीजणी हातानं फुगे दाबून रुग्णांना श्वास देत होत्या. "एका हातानं एक, दुसऱ्या हातानं दुसरा," ती म्हणाली. "तिसऱ्याचा नाही दाबता येत. मग ठरवावं लागतं." कोणाचा दाबायचा हे कसं ठरवलं, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वेळा मात्र सगळ्या मिनिटासकट पाठ. दर वेळी घड्याळ बघून लिहिण्याची सवय आहे म्हणे. चौतीस वर्षांत मी खुनाच्या खटल्यांतही बोट थांबवलं नव्हतं. आज दोनदा थांबवलं.

पत्ता विचारला तर म्हणाली, घर नुकतंच बदललंय, रुग्णालयाच्या दप्तरात अजून जुनाच आहे. नवीन सांगितला तो असा: पाण्याच्या टाकीमागे, जिन्याखालून आत, निळं दार. मी तसाच घातला.

१२ फेब्रुवारी

वकीलबाईंनी बंद पाकिटाच्या अर्जाचा मसुदा पाचव्यांदा बदलला. प्रत्येक वेळी नर्सचं अख्खं नाव, नवऱ्याचं नाव, ते लांबलचक निळं दार. शेवटी कंटाळून संक्षिप्त करून टाकलं. न आणि चार. दाबलं की सगळं उमटतं. एवढंसं सुचायला पाच मसुदे लागले, वय झालं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे यादी दोन्ही कॉम्प्युटरवर सारखी करून ठेवली. आतल्या यंत्रावर वाढलेले शब्द बाहेरच्यावर, बाहेरचे आतल्यावर. शिस्त म्हणजे शिस्त.

१५ फेब्रुवारी, रविवार

मुलगी आणि जावईबापू जेवायला होते. जावईबापू म्हणजे घुमा माणूस. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांची माझ्याशी नऊ वाक्यं झाली असतील. जेवून उठले की न सांगता भांडी पुसायला घेतात, तेवढं एक चांगलं. नोकरी सरकारी, पण कुठल्या खात्यात हे कधी धड सांगितलं नाही. "फायली इकडच्या तिकडे करतो," म्हणतात.

आज मात्र तोंड उघडलं. "आई, आतल्या खोलीत काही नवीन घेतलंय का?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, "आपण आतच बसू या का? इथे ऊन फार येतं." आभाळ भरलेलं होतं. मी म्हटलं, चहा इथेच आणते. चहा झाल्यावर परत, "चला, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येऊ." माझे गुडघे त्यांना नऊ वर्षं माहीत आहेत.

मुलगी म्हणाली, "अगं, एवढं म्हणतायत तर जा की." मी नाही गेले. मला काहीतरी खटकलं.

१६ फेब्रुवारी

वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "जावई नक्की कुठे असतात?" मी जे ठाऊक होतं ते सांगितलं, मुलीनं एकदा लांबून दाखवलेली, दारावर पाटी नसलेली करडी इमारत. "ते खातं तिथंच आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमचे जावई आहेत, मी काय बोलणार. पण आतल्या खोलीत येऊ देऊ नका."

म्हणजे मला वाटलं ते खरंच. न सांगता भांडी पुसणारा माणूस असा निघावा. मुलीला काय सांगू?

२१ फेब्रुवारी

आज जावईबापू एकटेच आले. मुलीला न सांगता आलोय म्हणाले. फोनही आणला नव्हता, विसरला म्हणे. फोन विसरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सरळ आतल्या खोलीच्या दाराशी. मी वाटेतच उभी राहिले. म्हटलं, आत पसारा आहे, इथे बसा. "दोन मिनिटंच, आई." मी म्हटलं, इथेच बोला, इथे कोण ऐकतंय. तर मोठ्या कॉम्प्युटरजवळच्या खुर्चीत बसले, हात मांडीवर घेऊन, मुलाखतीला आल्यासारखे.

मग काय विचारावं? "आई, तुम्ही दोन अक्षरं दाबता आणि अख्खं वाक्य येतं, ते कसं हो?" इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल पहिला प्रश्न. कबूल करते, मी फुशारले. यादी कशी केली, शब्द कसे घालायचे, कसे साठतात, वीस मिनिटं सांगितलं. नंतर म्हणाले, "मग आतल्या मशीनवरही ती लागत असेल." म्हटलं, लागणारच. "म्हणजे दोन्हीकडे सारखीच?" म्हटलं, रोज संध्याकाळी मी स्वतः सारखी करते.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "मी असतो तर इथली तरी काढून टाकली असती. आजच."

चौतीस वर्षांची कमाई काढून टाका म्हणे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जावईबापू, तुमच्या हापिसात फायली इकडच्या तिकडे करा, माझ्या घरात नको. ते उठले. दारात चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला. पाय बघत नव्हते, माझ्याकडेच बघत होते.

भोचक, आतल्या गाठीचा माणूस. खोलीत घुसता आलं नाही म्हणून गोड बोलून माहिती काढत होता. लेकीचं कसं व्हायचं या विचारानं जेवण गेलं नाही.

२२ फेब्रुवारी

आतल्या खोलीला कुलूप आणलं. पितळी, चांगलं जाडजूड. किल्ली गळ्यात.

मुलीचा फोन आला. "काय बोललीस तू त्यांना? कालपासून जेवले नाहीत." मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती म्हणाली, "ते काही सांगतच नाहीत." म्हटलं, मग मी तरी कशाला सांगू? तिनं फोन ठेवला. आमच्यात असं कधी झालं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

नाव फुटलं.

नर्सला काल रुग्णालयाच्या कचेरीत बोलावलं. दोन अनोळखी माणसं होती. सरळ म्हणाले, तुम्ही साक्षीदार क्रमांक चार. बदलीचा हुकूम तयारच होता. दोनशे मैलांवरचं उपकेंद्र, सहा दिवसांत रुजू व्हायचं. नवऱ्याचं कंत्राट या महिनाअखेर संपतं, ते वाढवणार नाहीत.

ती वकीलबाईंच्या कचेरीत बसली होती, तशीच खुर्चीच्या कडेवर. मी पोचले तर मला पाहून उठली, हे मला फार लागलं. वकीलबाई विचारत होत्या, कुणाला सांगितलंस, बहिणीला, शेजारी? ती म्हणाली, "कुणाला नाही. त्यांच्या कागदावर पत्ता होता, 'पाण्याच्या टाकीमागे, जिन्याखालून आत, निळं दार'. माझा पत्ता असा कुणीच लिहीत नाही. पोस्टमनसुद्धा नाही."

मी लिहिला होता. मी एकटीनं.

वकीलबाईंना वाटलं पाकीट न्यायालयातून फुटलं. मी म्हटलं, पाकीट अजून माझ्या पर्समध्ये आहे. माझ्या मनात आलं ते एकच, जावयानं कुलूप कसं उघडलं?

२७ फेब्रुवारी

कुलूप कुणी उघडलं नव्हतं.

सकाळी बाहेरच्या कॉम्प्युटरवर एका भाडेकराराचं काम करत होते. 'नमुना क्रमांक ४' लिहायला गेले, बोटं घाईत न आणि चारवर पडली. समोर नर्सचं नाव. नवऱ्याचं नाव. निळं दार. जोडलेल्या, उघड्या, इंटरनेटच्या कॉम्प्युटरवर. बारा तारखेपासून तिथंच होतं, मीच रोज संध्याकाळी शिस्तीत नेऊन ठेवत होते.

फायली सांभाळल्या, पासवर्ड घातले, लॅपटॉपचे कान कापले, फोन पिठात बुडवले. आणि तिचं नाव मी स्वतःच्या हातानं दारात मांडून ठेवलं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

वकीलबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. मग नर्सच्या घरी गेले. दार खरंच निळं आहे. तिला सगळं सांगितलं. ती सामान बांधत होती, हात थांबवला नाही. "म्हणजे मुद्दाम नाही ना?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. म्हणाली, "तिथं वॉर्डातही कुणी मुद्दाम नव्हतं केलं. डिझेल उद्या मागवू म्हणाले, इतकंच." मग तिनं पाणी दिलं.

सहा तारखेला येणार का, हे विचारायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

१ मार्च

मुलगी आली. डोळे सुजलेले. जावईबापूंना खात्यानं घरी बसवलंय. चौकशी लागली आहे. म्हणाली, "आई, ते तुझ्या या बाहेरच्या खोलीत जे बोलले ना, ते शब्दन्‌शब्द त्यांच्या साहेबाकडे छापलेलं आहे. 'इथली तरी काढून टाकली असती. आजच.' हेसुद्धा. तुझा तो कॉम्प्युटर सगळं ऐकत होता. महिनाभर."

मी त्याच्याकडे पाहिलं. आम्ही त्याच्यासमोरच बसलो होतो. तिला हात धरून आत नेलं, मग दार लावून रडले.

यादी कशी साठते हे मी वीस मिनिटं मोठ्या आवाजात समजावून सांगितलं होतं, अगदी त्याच्या तोंडाशी बसून. एवढं लिहिते. जावईबापू काय म्हणत होते आणि का म्हणत होते, यावर मी काहीही लिहिणार नाही. कायदा मला वाचून दाखवलेला आहे.

६ मार्च

नर्स आली. रुजू व्हायला उशीर झाल्याचा मेमो पिशवीत घेऊन आली. नवराही सोबत होता. पुढच्या रांगेत रुग्णालयाचे लोक बसले होते, त्यांच्याकडे बघत तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मग नऊ जणांच्या नऊ वेळा, मिनिटासकट. समोरच्या वकिलानं विचारलं, इतक्या गोंधळात वेळ अचूक कशी? ती म्हणाली, "वेळ लिहिणं एवढंच माझ्या हातात राहिलं होतं."

न्यायाधीशांनी जनरेटरची मूळ नोंदवही आठ दिवसांत हजर करायला सांगितलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तुम्ही टाइप केलं होतं त्यात एकसुद्धा चूक नव्हती." मी तिची पिशवी थांब्यापर्यंत नेली. ती दुपारच्या बसनं उपकेंद्राला गेली.

८ मार्च

उद्या जावयांची चौकशी आहे. प्रश्न एकच, त्यांनी मला सावध केलं का. मलाही बोलावलंय. वकीलबाईंनी विचारलं, त्या दिवसांत तुम्हाला काय वाटत होतं हे दाखवणारा काही कागद आहे का? मी ही वही दिली. त्यांनी एकवीस तारखेचं पान उभ्यानं वाचलं, मग बसून परत वाचलं. म्हणाल्या, द्यायची तर अख्खी द्या, पान फाडायचं नाही.

म्हणून साहेब, हे पान मी तुम्ही वाचणार हे धरून लिहिते आहे. आधीची पानं कुणी वाचावीत म्हणून लिहिली नव्हती. माझे गुडघे, लेकीशी झालेलं भांडण, वकीलबाईंचं पीठ, सगळं आता तुमच्या दप्तरात जाईल. जाऊ दे.

जावई माझ्याशी त्यांच्या कामाबद्दल नऊ वर्षांत कधीच बोलले नाहीत. एकवीस तारखेलाही नाही. ते पान बघा. मी त्यांना भोचक म्हटलंय, आतल्या गाठीचा म्हटलंय, घरातून जवळजवळ हाकललं. सावध झालेली बाई असं वागत नाही. सावध झालेल्या बाईनं त्याच दिवशी यादी पुसली असती. मी कुलूप विकत आणलं, त्याची नोंद बावीस तारखेला आहे. माझ्यामुळे एका नर्सला घर सोडावं लागलं. मला कुणी सावध केलं असतं तर ते झालं असतं का, याचा विचार तुम्हीच करा.

एक गोष्ट चौकशीशी संबंध नसताना लिहिते, कारण वही अजून आजच्या दिवसापुरती माझी आहे. मी त्यांच्याशी फार वाईट वागले. घरच्या माणसाला आत बसवायला हवं होतं. त्याचं मला मरेपर्यंत वाईट वाटेल.

चौतीस वर्षं मी कोर्टात लोकांची प्रतिज्ञेवरची निवेदनं उतरवली. त्या काळात आणि त्यानंतरही स्वतःच्या सहीखाली एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही, हवं तर माझी सेवापुस्तिका मागवून बघा. तुम्ही उद्या विचाराल की त्यांच्या त्या बोलण्याचा अर्थ आता तरी मला लागतो का. उत्तर आजच लिहून सही करते. त्या दिवशी मला काही समजलं नाही, आणि आजही समजलेलं नाही.